नारळ, नरकासुर आणि नॉटिंगहॅम

*सर्व रहिवासी (फक्त सोसायटीचे विषय), फोंडा*
*शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५*

सेक्रेटरी, ५:४८
नरकासुराच्या पुतळ्याचं गवत पार्किंगभर पसरलंय. सी-विंगच्या दोन गाड्या अडकल्यात. मुलांनी कृपया एका बाजूला घ्यावं.

रोहन (ए-३०२), ५:५१
काका, मॅच संपली की लगेच. 🙏

सेक्रेटरी, ५:५१
कसली मॅच? परवा पहाटे जाळायचाय तो, आणि अजून त्याला डावा हात नाही.

रोहन, ७:१६
उडाला!! प्रशिक्षक पोस्तेकोग्लूला नारळ. इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लब, फुटबॉलमध्ये घरच्या मैदानावर चेल्सीकडून ०-३ हरले आणि शिट्टीनंतर १८ मिनिटांत क्लबने जाहीर करून टाकलं. ३९ दिवस, ८ सामने, एकही विजय नाही.

अमेय (बी-३०१), ७:१९
१८ मिनिटं? खेळाडूंची अंघोळ तरी झाली होती का?

सुलभा मावशी (बी-२०३), ७:२२
नारळ एवढा महाग झालाय आणि हे लोक वाटत सुटलेत. चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला बांधताना आम्ही दहादा विचार केला.

सुलभा मावशी, ७:२३
आणि आपल्या नरकासुरालासुद्धा पहाटेपर्यंत वेळ मिळतो हो.

रोहन, ७:२४
😂😂 मावशी!

अमेय, ७:३१
हसू नका. याच माणसाने मे महिन्यात आधीच्या क्लबला, टॉटनहॅमला, युरोपा लीग जिंकून दिली. १७ वर्षांनी कप आला त्यांच्याकडे. १६ दिवसांनी काढला. म्हणजे जिंकलं तरी नारळ, हरलं तरी नारळ. मग या लोकांनी करायचं काय?

रोहन, ७:३३
लीगमध्ये १७वे आले होते ते पण सांग ना. खाली तीनच संघ.

अमेय, ७:३४
तुमच्या चेल्सीने तर त्याच्यावर कडी केलीय. प्रशिक्षक डी मातेओने २०१२ च्या मेमध्ये चॅम्पियन्स लीग आणली, नोव्हेंबरात घरी.

रोहन, ७:३६
आणि २०२१ च्या जानेवारीत लॅम्पार्डला काढून टुखेलला आणलं. चार महिन्यांत चॅम्पियन्स लीग. धीर धरला असता तर आली असती का?

सेक्रेटरी, ७:४०
हा ग्रुप सोसायटीच्या विषयांसाठी आहे.

सुलभा मावशी, ७:४१
बोलू दे रे त्यांना. पाण्याच्या टाकीवर भांडण्यापेक्षा हे बरं.

अमेय, ७:५२
मँचेस्टर युनायटेडचा फर्ग्युसन घ्या. १९८६ च्या नोव्हेंबरात आला. पहिल्या मोसमात ११वा, मग दुसरा, परत ११वा, मग १३वा. पहिला कप मे १९९० मध्ये. लीग १९९३ मध्ये. आजच्या मालकांनी १९८९ च्या नाताळाआधीच निरोप दिला असता. पुढच्या तेरा लीग गेल्या असत्या पाण्यात. आर्सेनलच्या आर्टेटाचंही तेच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिले तीन सामने हरला, गोल शून्य, खाल्ले नऊ, टेबलात तळाला. क्लबने हलवला नाही. आज बघा.

डॉ. अश्विनी (सी-१०२), ८:०५
अमेय, जे बुडता बुडता वाचले त्यांचीच नावं घेतोयस तू. वेळ देऊनही बुडालेल्यांची नावं कोणाला आठवतच नाहीत. तुझ्याच युनायटेडने २०२४ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक टेन हागला ठेवला, वर करार वाढवला, आणि ऑक्टोबरात काढला. त्यात किती महिने आणि किती पैसे गेले?

अमेय, ८:०६
तो विषय नको. 😐

डॉ. अश्विनी, ८:१४
पण रोहनचंही मला पटत नाही. माझ्याकडे तापाचे पेशंट बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. साधा विषाणूचा ताप, पाचव्या दिवशी उतरणारच असतो. आधीच्या डॉक्टरला शिव्या आणि मला पेढे. प्रशिक्षकही ताप सगळ्यात चढलेला असतानाच बदलतात. त्यानंतर संघ सावरला की श्रेय नव्याला. हॉलंडच्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे निकाल घेऊन एका अर्थशास्त्रज्ञाने हेच तपासलं होतं. सारखीच घसरण झालेले संघ: काहींनी प्रशिक्षक काढला, काहींनी ठेवला. दोन्हींची गाडी साधारण सारख्याच वेगाने रुळावर आली.

सुलभा मावशी, ८:१६
कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

डॉ. अश्विनी, ८:१६
अगदी तेच, मावशी.

रोहन, ८:२०
मग भारताच्या प्रशिक्षकाचं, खालिद जमीलचं काय करायचं? परवा मंगळवारी आपण सगळे फातोर्ड्याच्या स्टेडियमला होतो. छांगतेने १४व्या मिनिटाला गोल केला, स्टेडियम डोक्यावर घेतलं, आणि मग सिंगापूर २-१. आशियाई चषकाची दारं बंद. बोरी पुलावर परत येताना गाडीत कोणी तोंड उघडलं नाही.

अमेय, ८:२३
त्याला ऑगस्टमध्ये नेमलाय रे! अडीच महिने. त्याच्या आधी मानोलोच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्याच्या आधी स्टिमाचला पाच वर्षं दिली. खालिदच्या हातात घर आलं तेव्हा कौलं उडालेलीच होती. आणि सावियो मदेरानंतर पहिल्यांदा एक भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसलाय.

रोहन, ८:२५
म्हणजे स्टिमाचला पाच वर्षं देऊनही काही झालं नाही. पाहिलंस? 😏

डॉ. अश्विनी, ८:२९
मला त्यात मानोलोचीच गंमत वाटते. मार्चमध्ये भारतासोबत बांगलादेशविरुद्ध ०-०, आणि मे महिन्यात तोच माणूस एफसी गोवाला सुपर कप जिंकून देतो. फायनल ३-० ने, समोर जमशेदपूर, आणि जमशेदपूरचा प्रशिक्षक खालिद! दोन महिन्यांत माणूस हुशार झाला का? इथे त्याला रोज सकाळी पोरं हातात मिळत होती. तिकडे वर्षातून मोजके दिवस.

सेक्रेटरी, ८:३१
डावा हात?

रोहन, ८:३२
बांबू बांधतोय काका 😬

सावंत काका (बी-१०१), ९:१०
मी हे सगळं वाचलं. लिहायला वेळ लागतो, बोट नीट पडत नाही.

सावंत काका, ९:२६
तुम्ही सगळे इंग्लंडला पोचलात. इथे फातोर्ड्यात २०२० मध्ये काय झालं ते विसरलात? जानेवारी संपत होता. एफसी गोवाचा प्रशिक्षक लोबेरा, त्याचा संघ टेबलात पहिला. पहिला! लीगचे तीन सामने राहिलेले. आणि क्लबने लोबेराला नारळ दिला. मी टीव्हीसमोर तोंडात घास घेऊन तसाच बसलो. मग आपल्या क्लिफर्ड मिरांडाकडे संघ दिला. तीन सामन्यांत हैदराबादला ४ गोल, मुंबईला ५, जमशेदपूरला ५. लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड आपली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब आपला. आता सांगा, काढलं ते बरोबर की चूक?

रोहन, ९:२७
बरोबर! शील्ड आली ना.

अमेय, ९:२७
चूक! संघ लोबेराचा होता.

सावंत काका, ९:४१
थांबा. पुढच्याच मोसमात लोबेरा मुंबईला गेला. कोविडचं वर्ष, सगळे सामने गोव्यात, रिकामं स्टेडियम. उपांत्य फेरीत आपल्याचविरुद्ध पेनल्टीवर जिंकला, आणि कप उचलला तो फातोर्ड्यात. आपल्या गवतावर.

क्लिफर्डचं मोठेपण मी कमी करत नाही, त्या तीन सामन्यांत पोरांचे पाय डळमळू शकले असते. पण मालकाला कोण काय करतो हे दिसत नाही, त्याला टेबल दिसतं. लोबेराच्या वेळी तर टेबलही बघितलं नाही.

सावंत काका, १०:०२
माझी गोष्ट सांगतो, मग झोपतो. १९८१-८२ असेल. मी गावच्या संघाचा गोली. कापणी झाली की वायंगणाच्या (दुसऱ्या पिकाच्या) आधी शेतात खेळायचं, दव पडलेलं, चेंडू ओला साबण. एक प्रशिक्षक आणले होते, कुठल्याशा शाळेत पीटी शिकवायचे. त्यांनी मला महिनाभर चेंडूला हात लावू दिला नाही. सोललेला नारळ बालदीत बुडवायचे आणि दहा हातांवरून माझ्याकडे फेकायचे. धर. पुन्हा धर. शेंडीचा काथ्या तळव्याला लागून साल निघायचं, आई रात्री खोबरेल लावायची आणि त्यांना शिव्या द्यायची. तीन सामने हरलो. तिसऱ्यात तर माझ्याच हातातून सुटला. क्लबच्या मंडळींनी त्याच रात्री देवळाच्या पायरीवर बसून त्यांना काढलं. पुढच्या साली माझ्या हातून ओला चेंडू सुटेना. आम्ही स्पर्धा जिंकलो. हार नव्या माणसाच्या गळ्यात. तो बिचारा आम्हाला फक्त वेळेवर या म्हणायचा.

सुलभा मावशी, १०:०४
काका, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

डॉ. अश्विनी, १०:०६
आणि ते पीटीचे सर?

सावंत काका, १०:०९
फायनलला आले होते. बांधावर उभे होते, सायकल धरून. मी बघितलं. हात केला नाही, मंडळी बाजूला होती.

सावंत काका, १०:१५
अमेय बाबा, फर्ग्युसनला वेळ दिला म्हणतोस. खरं आहे. पण त्या हरायच्या वर्षांत तो १४ वर्षांच्या गिग्जच्या घरी जाऊन बसत होता, खेळाडूंची दारू सोडवत होता. कोणी तरी जाऊन ते बघितलं असणार. आपल्या आर्मांदोने गोव्याच्या धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय लीग दिल्या, तेही एका क्लबात वर्षानुवर्षं राहून. जो नुसताच 'वेळ द्या' म्हणतो आणि सरावाला रोज तेच करतो, त्याला मीही काढीन. पण बघायला पहाटे सहाला मैदानावर जावं लागतं. ३९ दिवसांत तो मालक किती वेळा गेला असेल?

रोहन, १०:१८
काका, पण तोवर संघ खाली गेला तर? खालच्या लीगमध्ये पडलं की पैसाच बुडतो, खेळाडू विकावे लागतात. मालक घाबरणारच ना.

सावंत काका, १०:२१
घाबरणारच. मग नेमताना घाबरायचं. आधीचा माणूस काढून याला आणलाच कशाला? त्याची पद्धत जगाला माहीत होती, पुढे धावा आणि मागे मोकळं. मिरच्या आणून तिखट लागलं म्हणायचं.

अमेय, १०:२२
🔥🔥

सेक्रेटरी, १०:२४
आता विषय निघालाच आहे तर. गेल्या वर्षी नरकासुराची मान गेटवरच मोडली. कमिटीत दोघांचं म्हणणं आहे की यंदा रोहनऐवजी डी-विंगच्या मुलांकडे द्यायचं, आणि मुखवटा बाजारातून तयार आणायचा. उद्या रात्री मिरवणूक आहे. मत सांगा.

रोहन, १०:२५
काका!!! मला पण नारळ?

सुलभा मावशी, १०:२७
मी आत्ता दुधाला खाली गेले होते तेव्हा बघितलं. मानेत यंदा बांबू उभा घातलाय, आणि सुंभाने तीन ठिकाणी आवळलाय. गेल्या वर्षी नुसती तार होती. पोरगा शिकलाय.

सावंत काका, १०:२८
बघा, बाई खाली जाऊन आली.

सेक्रेटरी, १०:३१
ठीक. रोहनच राहील. पण गवत उचल.

रोहन, १०:३१
🙏🙏 उचलतो

अमेय, १०:३३
बुधवारी एफसी गोवा आणि रोनाल्डोच्या अल नासरच्या मॅचला कोण कोण? माझ्या गाडीत दोन जागा. तो येणार की नाही हे मला विचारू नका.

डॉ. अश्विनी, १०:३४
एक जागा माझी. ड्यूटी बदलून घेतलीय.

सावंत काका, १०:३५
दुसरी माझी. पुढची सीट, गुडघा दुखतो.

*सोमवार, २० ऑक्टोबर २०२५*

रोहन, ५:१२
📷 मान शेवटपर्यंत टिकली. डावा हात मात्र चौकात गळला.

सेक्रेटरी, ५:१५
राख गार झाली की पाणी मारा. गेटजवळ फटाक्याचे कागद.

सुलभा मावशी, ५:२०
कोणाकडे कारीट जास्त आहे का? आमच्याकडे तीनच आहेत आणि माणसं पाच. गुळातले पोहे तयार आहेत, पोरांना वर पाठवा.