साठलेले वाटेतच संपते, त्याचे काय?
पगारच पुरत नाही तर निवृत्तीसाठी उरणार काय, हा निवृत्तीच्या बचतीवरील चर्चेत मांडला गेलेला मुद्दा मान्य आहे. परंतु पगारातून पीएफ (भविष्य निर्वाह निधी) म्हणून सक्तीने कापले जाते तेही टिकत नाही, ही बाजू त्या चर्चेत आलेली नाही. माझ्या थोरल्या भावाने भोसरीत 14 वर्षांत तीन कारखाने बदलले आणि दर वेळी पीएफ काढला: एकदा बहिणीच्या लग्नासाठी, एकदा गावच्या घराच्या स्लॅबसाठी. (स्लॅब अजून गळत नाही, एवढे मात्र खरे.) सेवा दहा वर्षांहून कमी असताना फॉर्म 10-सी भरून पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचीही रक्कम उचलली, की तेवढी वर्षे पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात, हे त्याच्या गावीही नव्हते. पगार गुणिले वर्षे भागिले 70 या सूत्राने, पेन्शनसाठी धरायच्या पगाराच्या 2014 पासूनच्या 15,000 रुपयांच्या मर्यादेवर, अखंड 14 वर्षांच्या सेवेचे वयाच्या 58व्या वर्षापासून दरमहा 3,000 रुपये पेन्शन होते.