डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली: पहिल्या अपिलात काय मांडावे?

प्रश्न: नमस्कार मंडळी. सैन्यात हवालदार, 20 वर्षे सेवा, 2022 ला निवृत्त. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळची वैद्यकीय तपासणी) उच्च रक्तदाब 30 टक्के, कायमस्वरूपी धरला. पण ‘सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला. रेकॉर्ड ऑफिसने (सैनिकांच्या सेवा नोंदी ठेवणारे कार्यालय) पेन्शनचा क्लेम फेटाळला. अपील केलेले नाही. आधी वकील गाठावा का?

उत्तर १: आधी कागद. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, रिलीज बोर्डाची पूर्ण प्रत (एएफएमएसएफ-16), कॅटेगरी (आजारामुळे खालची वैद्यकीय श्रेणी) लागल्यापासूनचे सगळे बोर्ड आणि पोस्टिंगची यादी मागा.

बोर्डाच्या प्रतीत टक्केवारीपेक्षा शेऱ्याखालचे कारण पाहा. बहुतेक वेळा तिथे ‘पीस स्टेशनवर (शांत भागातल्या पोस्टिंगवर) सुरुवात’ एवढेच असते. खरी लढाई इथेच आहे. रक्तदाब पीसमध्ये सापडला म्हणजे तिथेच सुरू झाला असे नव्हे. तारीख, ठिकाण, फील्ड (सीमेवरचा किंवा खडतर भाग) की पीस, असा तक्ता करा आणि वार्षिक मेडिकलमधली रीडिंग त्यासमोर लिहा. फील्डमध्ये किंवा तिथून आल्यावर लगेच आकडे चढलेले दिसले, तर तोच तुमचा पुरावा.

सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग (2013) निकाल जोडा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असे धरायचे, संबंध नाही हे दाखवायची जबाबदारी खात्याची आणि संशयाचा फायदा सैनिकाला, हे त्यात आहे. मात्र नुसता निकाल जोडून भागत नाही. पदके आणि हलाखी यांवर चार पाने, आजारावर दोन ओळी, अशी अपिले पडतात.

उत्तर २: वरचे बरोबर. मागणीत राउंडिंग ऑफ (टक्केवारी वरच्या टप्प्याला धरणे) स्पष्ट लिहा, ते राहून जाते. सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालाने (10 डिसेंबर 2014) 30 टक्क्यांचे 50 धरतात. हिशोबाचा शेवटचा पगार 40,000 असेल तर 100 टक्के अपंगत्वाला त्याच्या 30 टक्के, म्हणजे महिना 12,000. त्या प्रमाणात 30 टक्के अपंगत्वाला 3,600 आणि 50 ला 6,000. महागाई भत्ता वेगळा.

अपिलाची मुदत सहा महिन्यांची होती, म्हणून उशीर माफीचा अर्ज सोबत हवाच. पोच जपून ठेवा. सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येते. वकील तेव्हा बघा. सुप्रीम कोर्टाच्या तरसेम सिंग (2008) निकालावरून थकबाकी अनेकदा दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, त्यामुळे आता एक महिनाही घालवू नका.

आणि कुणाचा तयार मसुदा उचलू नका. 21 सप्टेंबर 2023 पासूनच्या निवृत्तांना पेन्शनचा हक्क ठरवणारे नवे नियम आहेत, तुम्हाला 2008 चे लागतात.