मदत हवी आहे : कलंडलेला अग्निशमन बंब दुरुस्त करावा की बदलावा?

नमस्कार. आमच्या दलाचा १७ वर्षे जुना बंब गेल्या महिन्यात वर्दीवरून (मदतीच्या बोलावण्यावरून) परतताना वळणावर चरात डाव्या अंगावर कलंडला. सर्व जवान सुखरूप आहेत, हे सर्वांत महत्त्वाचे. टाकी निम्मी रिकामी होती आणि अशा टाकीतले पाणी वळणावर एका बाजूला झेपावते, म्हणून ते रोखणारे आतले आडपडदे शाबूत आहेत का, हेही पाहावे लागेल.

केबिनचा पत्रा आणि आरसे नवे बसतील, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याची. टाकी चासीला ज्या ब्रॅकेटने जोडली आहे, त्याच्याजवळ रंगाला केसाएवढी भेग पडली आहे आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ उतरला आहे, म्हणजे ही भेग कदाचित अपघाताच्या आधीचीच असावी. मागच्या कप्प्याचे दार वर उचलल्याशिवाय लागत नाही. चासीवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि तिरकी मापे घेतली, तेव्हा दोन कर्णांत ९ मिलिमीटरचा फरक आला; चासी सरळ असती तर ते सारखे भरले असते. गॅरेजवाले वेल्डिंग करून देऊ म्हणतात; परंतु जड वाहनांच्या चासीचे पोलाद पुष्कळदा उष्णताप्रक्रिया केलेले असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद घटते, म्हणून उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय मी त्यास परवानगी दिलेली नाही.

पंप मात्र उत्तम आहे. अपघातानंतर घेतलेल्या चाचणीत त्याने १५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावर पूर्ण, २०० वर ७० टक्के आणि २५० वर ५० टक्के क्षमतेने पाणी दिले. सहकारी याच जोरावर दुरुस्तीचा आग्रह धरतात, पण उभ्या गाडीवर पंप चालला म्हणून ती भरल्या टाकीने जवानांना घेऊन धावण्याजोगी ठरते, असे मला वाटत नाही. शिवाय १५ वर्षांवरील बंब राखीव ठेवावा आणि २५ वर्षांनंतर सेवेतून काढावा, अशी अमेरिकेच्या एनएफपीए (राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना) मानकांची शिफारस आहे. म्हणजे खर्च करूनही हा बंब वर्दी येताच प्रथम धावणारा राहणार नाही.

नवा बंब बांधून मिळेपर्यंत बराच काळ जातो आणि तोवर आमच्याकडे एकच गाडी उरते, त्यामुळे निर्णय लांबवता येत नाही. कर्णांतला किती फरक चालतो, आणि भेग किती खोल आहे हे टाकी न उतरवता कसे तपासावे? जुना पंप व टाकी नव्या चासीवर चढवण्याचा अनुभव कोणास असल्यास, वजनाचा तोल आणि पीटीओची (इंजिनाची शक्ती पंपाला पुरवणाऱ्या यंत्रणेची) जोडणी जुळवताना काय अडचणी आल्या, ते कृपया सविस्तर लिहावे.