निळ्या लाइटखाली चट्टा काळा दिसला, तरी बायोप्सी करावीच लागते का?

निळीशाई:
बाबांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आलाय, दुखत नाही, खरवडून निघतही नाही, दोनेक महिने तरी झाले असतील. दात साफ करायला गेले तेव्हा डेंटिस्टनी दिवे घालवून तोंडात निळा लाइट मारून बघितलं, बाकी सगळं हिरवं चमकत होतं आणि चट्ट्याच्या जागी काळपट. त्यांनी लगेच बायोप्सी सांगितली. बाबा म्हणतात तुकडा काढला की रोग पसरतो, त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी हा लाइट मारून बघत राहू. काळं दिसलं म्हणजे कॅन्सरच असतो का? मला तर झोपच लागत नाहीये.

पेशीवाली:
ताई, मी ओरल पॅथॉलॉजीत आहे. काळं म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही. हा लाइट साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरचा असतो, त्याच्याखाली निरोगी त्वचेतलं कोलॅजन वगैरे आपोआप हिरवं चमकतं. पेशी बिघडायला लागल्या की खालच्या कोलॅजनची वीण मोडते, तिथे रक्तवाहिन्या वाढतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषून घेतं आणि ती जागा काळी दिसते. पण साधी सूज असली तरी तिथे रक्त जास्त असतंच ना, म्हणून तीही काळीच दिसते! अशा वेळी बोथट इन्स्ट्रुमेंटने हलकं दाबून बघतात, रक्त बाजूला सरकून हिरवं परत आलं तर सुजेची शक्यता जास्त. पण तोही अंदाजच.

आणि उलटंही होतं, ते जास्त घातक. जाड पांढऱ्या चट्ट्यावर केराटिनचा थर असतो, तो कधीकधी छान चमकतो, आणि स्लाइडवर बघावं तर खाली डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या दिशेने जाऊ शकणारा पेशींचा बिघाड, निघतो. म्हणून तीन महिन्यांनी लाइटखाली "बरं दिसतंय" म्हणून निश्चिंत होणं मला फार धोक्याचं वाटतं. डिस्प्लेसिया आहे का आणि कितपत, हे तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, चट्टा संशयास्पद असेल तर लाइटवर विसंबू नका, बायोप्सी करा.

रानवारा:
माझं जिभेच्या कडेला होतं. मला आधी व्हिनेगरसारखं काहीतरी देऊन चूळ भरायला लावली आणि मग निळसर पांढरा लाइट मारला, त्यात चट्टा उलट पांढराशुभ्र दिसला, मी हादरलोच. पण दाढेची धार लागत होती, डॉक्टरांनी ती घासून दिली आणि १५ दिवसांनी बोलावलं, तोवर सगळं गेलं होतं. तुमच्या बाबांचं दोन महिने टिकलंय ना, मग थांबू नका हो.

निळीशाई:
पेशीवाली ताई, पसरण्याचं काय? बाबा तिथेच अडून बसलेत. आणि लाइटचा काहीच उपयोग नसेल तर मारतात कशाला?

पेशीवाली:
तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मी रोज ऐकते, त्यात तथ्य नाही. सुन्न करून अगदी छोटा तुकडा घेतात, एखाददोन टाके पडतात, काही दिवस तिखट खाता येत नाही, बस.

लाइटचा उपयोग आहे, पण चट्टा मोठा असेल तेव्हा. सगळा चट्टा सारखा बिघडलेला नसतो, मग तुकडा कुठून घ्यावा ते ठरवायला मदत होते, कधी कधी बिघाड डोळ्यांना दिसतो त्याच्या कडेबाहेर गेलेला असतो तेही कळतं. डॉक्टरांना विचारा, काळी दिसलेली जागा फोटोत नोंदवली आहे का, आणि चट्ट्यात कुठे लालसर भाग आहे का, कारण लाल भाग पांढऱ्यापेक्षा जास्त संशयाचा, तुकड्यात तो यायलाच हवा. बाबा तंबाखू किंवा सिगारेट घेत असतील तर ते आजपासून बंद, रिपोर्टची वाट न बघता.

निळीशाई:
सिगारेट आहे, तीस वर्षं. लाल ठिपका आहे एका टोकाला, आत्ताच टॉर्चने बघितला. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, गुरुवारची वेळ घेतलीये.

पेशीवाली:
टॉर्चने त्याचा एक फोटो काढून ठेवा आणि गुरुवारी आधी तोच दाखवा. रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघते.