बालगृहातील मुलाच्या मानसोपचारासंबंधी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी एका बालगृहात बालकल्याण अधिकारी म्हणून काम करते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून काही तपशील बदलून लिहीत आहे.

बालकल्याण समितीच्या आदेशाने दुसऱ्या संस्थेतून आमच्याकडे आलेला एक मुलगा दहा-अकरा वर्षांचा आहे. शाळेत त्याची काहीच तक्रार नाही. परंतु जेवताना तो अर्धी चपाती सदऱ्याच्या खिशात घालतो आणि रात्री ती उशीखाली ठेवतो, अंथरूण ओले करतो, आणि सरकलेले पांघरूण नीट करायला कोणी जवळ गेले तरी किंचाळून उठतो. रात्रपाळीच्या काळजीवाहकांना हा हट्ट वाटतो. त्याला झोपेची गोळी सुरू करावी, असा आग्रह आता होऊ लागला आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. प्रशिक्षित तज्ज्ञांनी मानसशास्त्रीय मूल्यमापन व निदान केल्याशिवाय मुलाला मानसिक त्रासासाठी औषध देऊ नये, असे याच अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

समुपदेशक येतात, पण मानधनावरची नेमणूक असल्याने वरचेवर बदलतात, आणि प्रत्येक नव्या व्यक्तीपुढे या मुलाला 'घरी कोण कोण असतं?' या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हल्ली तो उत्तरच देत नाही. माझ्या मते त्याला सर्वांत आधी न बदलणारे एक माणूस हवे आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बालगृहातील मुलासाठी एकाच डॉक्टरांकडे नियमित उपचार कोणी मिळवले आहेत का? त्यासाठी समितीचा लेखी आदेश घ्यावा लागला, की जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या पत्रावर काम झाले? टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर काळजीवाहकांनी मध्यरात्री फोन केल्यास मुलांच्या बाबतीत उपयोगी सल्ला मिळतो का? बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम अशा संस्थांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. त्यांचे किंवा अन्य कोणाचे मराठी साहित्य वापरले असल्यास कृपया कळवावे. आमच्या काळजीवाहक ताई मनाने चांगल्या आहेत, पण घाबरून उठलेल्या मुलाशी त्या क्षणी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्यांना आजवर कोणीच शिकवलेले नाही. प्रत्यक्ष बालगृहात काम केलेल्यांनी थोडक्यात लिहिले तरी चालेल.