चालत्या अणुभट्टीत इंधन 'भरतात' की 'बदलतात'?

खानापूरची बाई
नमस्कार मंडळी. आमच्या मराठी शाळेतली नववीची पोरं विज्ञान प्रदर्शनासाठी कैगाच्या अणुवीज केंद्राची प्रतिकृती करताहेत. फलकावरचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. इंग्रजी टिपणात 'ऑन पॉवर रिफ्युएलिंग' आहे. मी लिहिलं, "अणुभट्टी चालू असतानाच तिच्यात इंधन भरतात." एका पोरानं विचारलं, "बाई, पंपावर इंजिन बंद करा म्हणून लिहिलेलं असतंय, मग हितं चालू ठेवून कसं भरालेत?" घरी आले तर मामा (कैगात फिटर होते, आता निवृत्त) म्हणाले, "भरत नाहीत गं, भरलेलं असतंयच. बदलतात." पण 'इंधन बदलतात' लिहिलं तर डिझेल सोडून पेट्रोल घेतल्यासारखं वाटतं. शुक्रवारी छपाईला द्यायचंय. शब्द सुचवा.

टिळकवाडीकर
इंधन पुनर्भरण. संपला विषय.

निपाणीचा पाहुणा
संपला कसा? पुनर्भरण म्हटलं की आमच्याकडं बोअर आठवते. छपरावरचं पाणी पाइपानं खाली सोडायचं, त्याला पुनर्भरण म्हणतात. उद्या पोरं सांगतील, कैगात पावसाचं पाणी मुरवतात.

काळीकाठ
बाई, तुमच्या मामांचं बरोबर आहे. मीही तिथं काही वर्षं काढली, कद्रा धरणाच्या वरच्या अंगाला. आधी काय होतं ते बघा, मग शब्द शोधा.

कैगाची भट्टी म्हणजे आडवं पिंप. त्यात आरपार ३०६ नळ्या, आम्ही 'चॅनेल' म्हणायचो. एकेका चॅनेलात १२ बंडलं ओळीनं. एक बंडल म्हणजे युरेनियम भरलेल्या, हातभर लांबीच्या १९ कांड्यांची जुडी. चॅनेलच्या दोन्ही तोंडांना एकेक यंत्र येऊन घट्ट बसतं, आतला दाब जराही न सोडता बूच काढतं. एका बाजूनं ८ नवी बंडलं आत ढकलली की दुसऱ्या बाजूनं ८ जुनी बाहेर. ४ आतच राहतात, फक्त पुढं सरकतात. शेजारच्या चॅनेलात हेच उलट दिशेनं. भट्टी पूर्ण ताकदीवर असेल तर रोज साधारण एक चॅनेल. वीज मिनिटभरही थांबत नाही.

या यंत्राला तिथं सगळे 'एफएम' (फ्युएलिंग मशीन) म्हणतात. नवीन पोरगं आलं की आठवडाभर त्याला वाटायचं, कुठंतरी रेडिओ लावलाय.

खानापूरची बाई
वा, हे सगळं पोरांना सांगते. पण मग शब्द?

उद्यमबाग फौंड्री
शब्द आमच्याकडं आहे. क्युपोला (लोखंड वितळवायची उभी भट्टी) ऐन धगीत असताना वरच्या दारातून कोक, चुनखडी, लोखंड थरावर थर टाकतात. त्याला 'चार्ज टाकणे' म्हणतात. आता बहुतेकांकडं विजेवरची इंडक्शन भट्टी आलीय, पण शब्द राहिलाय. चालत्या भट्टीला खायला घालणं ही बेळगावला नवी गोष्ट नव्हे. कैगावाल्यांनी उगीच भाव खाऊ नये.

काळीकाठ
फरक आहे हो. तुमचा कोक जळून जातो. आमचं बंडल जसं आत गेलं तसंच बाहेर येतं, त्याच आकाराचं. राख नाही, धूर नाही. आत मात्र ते असलं तापलेलं आणि किरणोत्सारी झालेलं असतं, की कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावं लागतं.

टिळकवाडीकर
म्हणजे मुळात 'भट्टी' हाच शब्द चूक. जिथं काही जळतच नाही तिथं भट्टी कसली? 'विक्रियक' म्हणावं. आणि 'बंडल', 'चॅनेल' हे काय? सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले असतील. आज बेळगावातलं शेंबडं पोर महापौर म्हणतं.

वडगावची काकू
महापौर जिभेवर बसतो म्हणून रुळला. विक्रियक म्हणताना माझी कवळी हलते.

टिळकवाडीकर
काकू, विषय कवळीचा नाही, काटेकोरपणाचा आहे.

समिधा
काटेकोर जायचं तर 'इंधन'ही टाका की! मूळ धातू 'इन्ध्', म्हणजे पेटवणे. 'समिधा' त्याच धातूचा. न जळणाऱ्या युरेनियमला इंधन चालतं, तर भट्टीनं काय घोडं मारलंय? आणि 'भट्टी जमणे' हा वाक्प्रचार इथं किती फिट बसतो बघा. पेपरात 'अणुभट्टी क्रिटिकल झाली' छापून येतं, माणसं घाबरतात, पेशंट क्रिटिकल असल्यागत. अर्थ एवढाच की अणू फुटण्याची साखळी आपोआप टिकू लागली. म्हणजे भट्टी जमली!

शहापूर पेठ
कन्नड पेपरात याला 'अणु विद्युत् स्थावर' म्हणतात. आमचे वडील पहिल्यांदा वाचून म्हणाले, "कुणाची मालमत्ता? वाटणीवरनं भांडण आहे काय?" त्यांची निम्मी जिंदगी सातबाऱ्यातल्या स्थावर-जंगमात गेलेली. कन्नडात मात्र स्थावर म्हणजे सरळ केंद्र, कारखाना.

टिळकवाडीकर
बघा, त्यांनी इंग्रजी न घेता शब्द केलाच ना?

शहापूर पेठ
केला. आणि बोलताना ते 'प्लँट'च म्हणतात. माझ्या दुकानात रोज दोन्ही भाषा येतात, मला विचारा.

निपाणीचा पाहुणा
मूळ मुद्द्यावर या. लाकूड जळत आलं की चुलीत पुढं 'सारतात'. चॅनेलातलं हेच की. बाई, लिहा: "भट्टी न विझवता इंधन सारतात."

वडगावची काकू
पोरं 'सारवतात' वाचतील. अणुभट्टीला शेण लावालेत म्हणून घरी सांगतील.

चिकोडी रस्ता
कारखान्यात गव्हाणीत मोळी टाकतात. १९ कांड्यांची जुडी म्हणजे मोळीच झाली, बंडल कशाला? मोळी. बाकी 'ऑन पॉवर' वगैरे काही नाही, आमचा हंगामच तसा असतो. एकदा बॉयलर पेटला की गाळप संपेपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची नाही.

काळीकाठ
मोळी मला आवडला. आमच्या वेळी सुचला असता तर वापरला असता. पण गव्हाण रिकामी पडली तर तुमचा कारखाना थांबतो. इथं का बदलावं लागतं? युरेनियम जसं खाणीतून येतं तसंच वापरतात, त्यात कामाचा भाग शेकडा ०.७. आत शिल्लक ताकद फार नसते. म्हणून थोडं थोडं, रोज. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या (१९६९च्या) किंवा कुडनकुलम यांना भट्टी बंद करून, थंड करून, झाकण उघडून बदलावं लागतं. तिथं 'भरणे' म्हटलं तरी खपेल.

कैगाची एक नंबरची भट्टी १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ अशी ९६२ दिवस सलग चालली. तेव्हा जगातला विक्रम होता तो. पुढं कॅनडातल्या डार्लिंग्टननं तो मोडला, तीही अशीच चालता चालता मोळी बदलणारी. बंद करावी लागती तर एवढे दिवस निघते काय?

समिधा
मग 'खांदेपालट' घ्या! पालखी थांबत नाही, खांदे बदलतात. आतले ४ भोई तेच, ८ नवे. मला तर हाच नेमका वाटतो.

वडगावची काकू
खांदेपालट पालखीपेक्षा तिरडीला जास्त होतो बाई. अणुवीज केंद्राच्या फलकावर नको.

टिळकवाडीकर
'इंधनपालट' म्हणा मग. पण विक्रियक लिहा.

खानापूरची बाई
इंधनपालट बरा वाटतो. मामांना विचारलं, तर म्हणाले, "शेतात पिकांची फेरपालट असते, तसं काय?" त्यांना एवढंच खटकतंय की पालटण्यात 'चालू असताना' येत नाही. ते कुठं घालू? आणि 'जड पाणी' (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं) पण आहे मजकुरात. पोरांना वाटतंय, साबणाला फेस न येणारं बोअरचं पाणी.

उद्यमबाग फौंड्री
'चालत्या भट्टीत चार्ज.' मी आपलं परत सांगतो.

चिकोडी रस्ता
चार्ज म्हटलं की पोरं मोबाइल काढतील. बाई, गुऱ्हाळ बघा. काहील उकळालीय, गुळव्या वर उभा, आणि खाली चुलवाणात जळव्या सतत चिपाड सारतोय. काहील थांबते काय? 'ऑन पॉवर' म्हणजे तेच.

निपाणीचा पाहुणा
सारतोय! बघा, शब्द माझाच आला. पण जळव्या कुठं म्हणतात? आमच्या आजोबांच्या गुऱ्हाळावर त्याला 'जाळ्या' म्हणायचे.

चिकोडी रस्ता
जाळ्या कोळ्याच्या. माणूस जळव्या.

शहापूर पेठ
आणि चुलवाण की चुलवण? आमच्यात 'वा'ला काना नाही.

निपाणीचा पाहुणा
कानाच आहे. आज रात्री आईला फोन करून विचारतो.

खानापूरची बाई
अहो, शुक्रवार उद्याच आहे.

चिकोडी रस्ता
आईंना हेही विचारा, चिपाड वाळलेलं घालायचे की ओलसर. त्यावरनं जळव्याची मजुरी ठरायची.