मदत हवी आहे: व्हॅलोरंटमध्ये माइकशिवाय रँक्ड कसं खेळायचं?

नमस्कार मंडळी. व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाच जणांचा गोळीबाराचा ऑनलाइन गेम) पीसीवर, मुंबई सर्व्हरवर खेळते. रँक गोल्ड २ (मधली पातळी), बहुतेक वेळा एकटीच क्यू लावते, म्हणजे टीममध्ये अनोळखीच मिळतात. माझी अडचण नेमाची नाही, माइकची आहे.

माइक ऑन करून "दोघे मार्केटमध्ये" एवढा कॉल (शत्रू नकाशावर कुठे आहे त्याची खबर) दिला, की टीममधूनच "अरे, लड़की है!" सुरू. मग कुणी इन्स्टा आयडी मागतो, कुणी गाणं म्हणतो, आणि एखादा राउंड गेला की थेट शिव्या. त्या गोंगाटात शत्रूची पावलंही ऐकू येत नाहीत. म्यूट करावं तर त्यांचे कॉलही जातात. रिपोर्ट करतेच, पण त्याने चालू मॅच वाचत नाही.

"मग खेळू नकोस" असं कृपया सांगू नका. मला हा गेम मनापासून आवडतो. नुसत्या भराभर गोळ्या झाडून इथे भागत नाही. पैशांचा हिशोबच बघा: व्हँडल किंवा फँटम ही बंदूक २९०० क्रेडिट्सना (गेममधले पैसे), त्यामुळे टीम पैसे सेव्ह करत असताना एकाने हट्टाने बंदूक घेतली की पुढच्या राउंडला सगळ्यांची पंचाईत. आणि स्पाइक, म्हणजे हल्लेखोर लावतात तो बॉम्ब! लागल्यावर फुटायला ४५ सेकंद, डिफ्यूज (निकामी) करायला ७, पण निम्मं झालं की तेवढं जमा राहतं. एकटीच उरलेली असताना निम्मं करून सोडायचं, कोपऱ्यावरच्याला टिपायचं आणि परत येऊन उरलेलं पुरं करायचं. अशी धडधड मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळाली नाही.

परवाचं सांगते. अ‍ॅसेंट नकाशा, १२-११ ने आम्ही पुढे, मी किलजॉय (यंत्रं लावून राखण करणारं पात्र) घेऊन बी साइटवर (स्पाइक लावायच्या ए आणि बी जागांपैकी एक). मेनकडे (बी मध्ये शिरायची एक वाट) रोखलेला टरेट, म्हणजे माझी आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक, गप्प होता, पण मार्केटमध्ये (दुसरी वाट) पावलं वाजली. दोघे तरी होते. बाकीचे चौघे ए वर. चॅटमध्ये लिहायचं तर बोटं हालचालीच्या कळांवरून उचलावी लागतात. एंटर दाबायच्या आत मी मेले. राउंड गेला, आणि ओव्हरटाइममध्ये मॅचही.

तर जाणकारांनो, पिंग (नकाशावरची खूण) मी वापरते, त्याने जागा कळते. पण "दोघे आहेत, एकाकडे ऑपरेटर आहे" (ऑपरेटर म्हणजे स्नायपर बंदूक) हे न बोलता, न लिहिता कसं पोचवायचं? दुसरं म्हणजे, किलजॉय सोडून सायफर किंवा सोव्हा हे पात्र धरावं का? सायफरच्या तारेत कुणी अडकला किंवा सोव्हाच्या रिकॉन बाणात सापडला, की तो सगळ्या टीमला दिसतो, माझ्या तोंडाची गरजच नाही. गोल्डमध्ये लोक तेवढ्यावरून खरंच साइट बदलतात का?

आणि इथल्या मुलींना खास विनंती: तुम्ही माइक चालू ठेवता का? शेरेबाजी सुरू झाली की उत्तर देता, की लगेच म्यूट करता? आवाज बदलणारं सॉफ्टवेअर सुचवू नका, मला माझ्याच आवाजात कॉल द्यायचेत.

अपडेट: टीममध्ये येशील का, असं खाली दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. हो, पाच जणांची पक्की टीम जमत असेल तर मी नक्की येईन. रात्री दहानंतर ऑनलाइन असते. मराठी, हिंदी काहीही चालेल. फक्त राउंड चालू असताना कॉल सोडून दुसरं काही बोलायचं नाही, एवढं सगळ्यांनी पाळायचं.